रविवारची पोपटी, वेगासची लढत आणि मित्रांची पैज

लास वेगासमध्ये शनिवारी रात्री बॉक्सिंगची घंटा वाजते तेव्हा भिवंडीत रविवारची सकाळ झालेली असते. २ मे २०१५ च्या रात्री फ्लॉइड मेवेदर आणि मॅनी पॅकियाओ रिंगणात उतरले, तेव्हा इथे ३ मेच्या सकाळचे साडेनऊ वाजत आले होते. सप्टेंबर २०२५ मधली कॅनेलो अल्वारेझ आणि टेरेन्स क्रॉफर्ड यांची लढतही आपल्याकडे रविवारी सकाळीच दिसली. म्हणजे मटणाच्या दुकानापुढे रांग लागायची आणि जगातली सर्वांत मोठी लढत सुरू व्हायची वेळ जवळपास एकच. मित्रांना जमवून लढत पाहायची, शिगडी पेटवायची आणि कोण जिंकणार यावर पैज मारायची, असा बेत ज्यांच्या मनात असेल त्यांच्यासाठी याहून सोयीचं वेळापत्रक नाही.

भिवंडीच्या मित्रमंडळींसाठी तर ही वेळ फारच बरी. आगरी, कोकणी मुसलमान, मोमीन, तेलंगणातून आलेले पद्मशाली, मारवाडी व्यापारी अशी सरमिसळ एकाच ग्रुपमध्ये असते. शनिवार पाळणारे शनिवारी मांसाहाराला हात लावत नाहीत, रविवारी त्यांची अडचण नसते. जैन मित्राला सूर्यास्ताआधी जेवायचं असतं, दुपारच्या बेतात तोही प्रश्न मिटतो. बुजुर्गांना रात्री उशिरापर्यंत बसायचं नसतं, तेही येतात.

लढत लंडनला किंवा रियाधला असेल तर मात्र सगळं गणित बदलतं. १८ मे २०२४ ची टायसन फ्युरी आणि ओलेक्झांडर उसिक यांची रियाधची लढत भारतात १९ तारखेच्या पहाटे पाहावी लागली. अशा वेळी शिगडी शनिवारी संध्याकाळी पेटवावी, नऊच्या आत जेवणं उरकून ती विझवावी आणि पहाटेसाठी चहा-खारीवर भागवावं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला नियमाने बंदी आहे. त्यामुळे गच्चीवर पडदा आणि मोठे स्पीकर हा बेत पहाटेच्या लढतीला जमत नाही. ती घरात, दार लावून, आवाज बेताचा ठेवून पाहायची.

वेळ ठरली की जागा. या गावात जागेचा विचार इतर कुठल्याही गावापेक्षा जास्त काळजीने करायला हवा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काळात कापड विणण्याचं बरंच काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळलं. आज वस्तीला खेटून लूमच्या शेड आहेत, सुताची आणि कापडाची गोदामं आहेत. माणकोली, काल्हेर, पूर्णा, राहनाळ या पट्ट्यात तर गोदामांना गोदामं लागून आहेत. या भागात आगी लागल्याच्या बातम्या वरचेवर येतात. शेजारी सूत भरलेलं असताना गच्चीवर निखारे फुलवणं हा निव्वळ अविचार आहे. ठिणगी वाऱ्यावर किती लांब जाईल हे कुणालाच सांगता येत नाही आणि पत्र्याच्या शेडच्या फटीतून ती आत गेली तर कळायलाही उशीर होतो.

म्हणून जागा मोकळी हवी. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या बाजूला, पडघ्याकडे किंवा कुणाच्या तरी गावच्या शेतात, भातकापणी झालेल्या खाचरात बेत करावा. तिथेही पेंढ्याची उडवी जवळ नसावी, चुलीभोवतीचं सुकं गवत आधी काढून टाकावं, आणि वाळूची एक बादली व पाण्याची एक बादली हाताशी असावी. गच्चीच असेल तर सोसायटीची परवानगी घ्यावी, उभी लोखंडी शिगडी वापरावी आणि आजूबाजूला कापड किंवा ताडपत्री टांगलेली नाही ना ते पाहावं. बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत कोळशाची शिगडी कधीच नेऊ नये. थंडीत ऊब मिळावी म्हणून पेटती शिगडी आत घेतली जाते आणि कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसं दगावतात. या वायूला वास नसतो, रंग नसतो.

जळणाच्या बाबतीतही भिवंडीचे स्वतःचे मोह आहेत. गोदामांबाहेर लाकडी पॅलेट फुकट पडलेली असतात, आणि फुकटचं लाकूड म्हटलं की हात पुढे जातो. पण परदेशातून माल घेऊन आलेल्या पॅलेटवर कणसासारखं चिन्ह आणि त्याशेजारी इंग्रजी अक्षरं छापलेली असतात. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड फक्त उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं असतं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. ते चुलीत घालू नये. शिक्का नसलेलं, रंग लागलेलं किंवा रसायन सांडलेलं लाकूडही नको. प्लायवुड आणि लॅमिनेटचे तुकडे तर अजिबात नकोत, त्यात डिंक असतो. सायझिंगच्या बॉयलरसाठी आणलेला दगडी कोळसाही याच यादीत येतो. त्याच्या धुरातलं गंधक थेट मांसावर बसतं. लाकडी कोळसाच घ्यावा, साधारण एक किलो मांसाला एक किलो या हिशेबाने. पेटवायला रॉकेल, पेट्रोल किंवा लूमखालचा तेलकट सुताचा गुंता वापरू नये. नारळाची शेंडी आणि करवंटी पुरेशी असते. कोळशावर पांढरी राख चढेपर्यंत सळ्या चढवू नयेत. इथेच बहुतेकांची घाई होते आणि बाहेरून करपलेलं, आतून कच्चं असं ताटात येतं.

आता पदार्थ. डिसेंबर ते फेब्रुवारीत लढत असेल तर बार्बेक्यूच्या परदेशी जाळीपेक्षा पोपटी लावावी, असं अगदी मनापासून सुचवावंसं वाटतं. पेण, अलिबाग, उरण, पनवेल या पट्ट्यात हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की पोपटीचे बेत सुरू होतात. मातीचं मडकं घ्यायचं, तळाशी भांबुर्डीचा पाला अंथरायचा. हा पाला मोकळ्या रानात, शेताच्या बांधावर उगवतो. तो ओळखणाऱ्यानेच तोडावा, दिसायला सारखं दुसरं काही नको. पाल्यावर वालाच्या शेंगांचा थर, वर जाडं मीठ आणि ओवा. मग हळद, आलं-लसूण, मिरची, लिंबू लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून मध्ये ठेवायची, आजूबाजूला कवचासकट अंडी, बटाटे, रताळी. पुन्हा शेंगा, पुन्हा मीठ-ओवा आणि तोंडाशी पाला इतका गच्च कोंबायचा की मडकं उलटं केलं तरी आतलं काही हलू नये. पाणी एक थेंबही घालायचं नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या वाफेवरच सगळं शिजतं.

मडकं जमिनीवर पालथं घालून भोवती सुकी लाकडं, गोवऱ्या, पेंढा रचून पेटवायचं. ओलसर मडकं आगीत तडकतं, म्हणून ते आधी उन्हात कोरडं करून घ्यावं. शेंगा आणि अंडी अर्ध्या तासात होतात, कोंबडी असेल तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. झालं की नाही हे पाहायची जुनी रीत सोपी आहे: मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा, चर्र असा आवाज करत पाणी तत्काळ उडालं की मडकं पुरतं तापलं. ओल्या गोणपाटाने मडकं धरून बाजूला घ्यायचं, तोंडाचा पाला काढताना चेहरा लांब ठेवायचा. आत कोंडलेली वाफ जोरात बाहेर येते.

पोपटीचा खरा फायदा लढतीच्या वेळेत आहे. विजेतेपदाची लढत बारा फेऱ्यांची असते. फेरी तीन मिनिटांची, मधली विश्रांती एक मिनिटाची. बारा त्रिक छत्तीस आणि अकरा विश्रांती, एकूण सत्तेचाळीस मिनिटं. पहिल्या घंटेला मडक्याभोवती आग लावली तर शेवटच्या घंटेला पोपटी उतरवायची वेळ होते. सीख कबाबांचं तसं नसतं, सळ्या सतत फिरवाव्या लागतात आणि फिरवणाऱ्याची लढत हुकते. आगीपाशी एक माणूस मात्र कायम हवा. दर दोन फेऱ्यांनी राखणदार बदलावा, म्हणजे कुणा एकावर अन्याय होत नाही. लढत तिसऱ्याच फेरीत नॉकआउटने संपली तर मडकं तिथेच राहू द्यावं, घाईने उघडू नये.

कबाब करायचेच असतील, आणि भिवंडीत ते होणारच, तर मुख्य लढतीआधीच्या छोट्या लढतींच्या वेळात करावेत. खिमा रविवारी सकाळीच काढून घ्यावा. शनिवारी दळून ठेवलेला खिमा लवकर खराब होतो. त्यात चरबी पाचवा हिस्सा तरी हवी, नाहीतर कबाब कोरडा पडतो. किसलेल्या कांद्यातलं पाणी घट्ट पिळून टाकावं. सळईवरून कबाब गळून पडतो तो बहुधा या पाण्यामुळे. बांधायला भाजक्या डाळ्याचं पीठ, नरम करायला कच्च्या पपईची थोडी पेस्ट, पण ती तास-दीड तासाहून जास्त ठेवू नये, मांसाचा चिखल होतो. खिमा चांगला मळून थंड ठेवावा आणि ओल्या हाताने चौकोनी सळईवर थापावा. कोंबडीचे पीस हाडापाशी टोचून पाहावेत. बाहेर येणारा रस पारदर्शक असला पाहिजे, गुलाबी दिसला तर परत निखाऱ्यावर. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस गाठलेलं हवं.

एप्रिल-मेमध्ये मुरवलेलं मांस बाहेर एक तासापेक्षा जास्त ठेवू नये. थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून तीच शिगडीजवळ ठेवावी. शाकाहारी मित्रांसाठी शिगडी वेगळी, चिमटा वेगळा, ब्रशही वेगळा. जैन मित्रासाठी मक्याचं कणीस, पनीर, सिमला मिरची असावी; बटाटा-रताळं नको. मुसलमान मित्र येणार असतील तर मांस हलाल दुकानातूनच आणावं आणि ते आधी सांगावं, म्हणजे त्यांना विचारावं लागत नाही. मद्य ठेवायचं असेल तर राज्यात त्यासाठी परवाना लागतो हे लक्षात ठेवावं, आणि मुंबई-नाशिक महामार्गावरून परतायचं असेल तर गाडी चालवणाऱ्याने थेंबभरही घेऊ नये.

लढत दाखवायची व्यवस्था आदल्या दिवशी करून पाहावी. माइक टायसन आणि जेक पॉल यांच्या लढतीचं प्रसारण १६ नोव्हेंबर २०२४ ला आपल्याकडे सकाळी साडेसहाला सुरू झालं, पण मुख्य लढत लागायला पुढे कितीतरी तास गेले आणि मध्येमध्ये चित्र अडकल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. त्याच कार्यक्रमात भारताचा नीरज गोयत लढला आणि जिंकला. उशिरा उठलेल्यांना तो दिसलाच नाही. टीव्ही आणि वायफायला इन्व्हर्टरचा आधार असावा, शेतात असाल तर दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असावीत. इंटरनेटवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असतं, तर निकाल मोबाइलवर आधी पोचतो. सगळ्यांचे फोन एका टोपलीत ठेवले तर खेळाची मजा टिकते.

आता पैजेकडे. पैज मारण्याआधी गुण कसे देतात ते मित्रांना पाच मिनिटांत समजावून द्यावं, कारण बॉक्सिंगमध्ये जास्त ठोसे मारणारा जिंकतोच असं नाही. रिंगणाशेजारी तीन पंच बसतात. प्रत्येक फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. एखादा खाली पडला तर साधारणपणे १०-८. स्वच्छ लागलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, रिंगणावरचा ताबा आणि बचाव, या चार गोष्टी पाहिल्या जातात.

५ ऑगस्ट २०१७ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदर सिंग आणि चीनचा झुल्पिकार मैमैतियाली यांची दहा फेऱ्यांची लढत झाली, ती या हिशेबासाठी उत्तम धडा आहे. विजेंदर ९६-९३, ९५-९४, ९५-९४ असा जिंकला. दहा फेऱ्यांत कुणी पडलं नाही आणि कुणाचा गुण कापला गेला नाही, तर दोघांच्या गुणांची बेरीज १९० यायला हवी. इथे तिन्ही पंचांकडे ती १८९ आहे, म्हणजे एक गुण कमी. झुल्पिकारचे कमरेखालचे ठोसे त्या रात्री बरेच गाजले होते. तो एक गुण त्याला मिळाला असता तर दोन पंचांची पत्रकं ९५-९५ झाली असती, आणि तीनपैकी दोन पंच बरोबरी म्हणाले की लढत बरोबरीत सुटते. फ्युरी आणि उसिक यांचंही तेच. नवव्या फेरीत फ्युरी दोरांवर कोलमडला, रेफरीने त्याची मोजणी केली आणि फेरी १०-८ झाली. निकाल उसिकच्या बाजूने ११५-११२ आणि ११४-११३, तर तिसऱ्या पंचाचा ११४-११३ फ्युरीच्या बाजूने. ती एक मोजणी झाली नसती तर एक पत्रक उसिकचं, एक फ्युरीचं, एक बरोबरीचं. इतक्या बारीक फरकावर निकाल फिरतो. हे एकदा समजलं की माणूस लढत वेगळ्या डोळ्यांनी पाहायला लागतो.

पैज याच समजुतीवर रचावी. पहिल्या घंटेआधी प्रत्येकाने चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहाव्यात: कोण जिंकणार, नॉकआउट की गुणांवर, आणि नॉकआउट असेल तर कितव्या फेरीत. विजेता बरोबर आला तर तीन गुण, प्रकार बरोबर आला तर दोन, फेरी अचूक आली तर पाच. चिठ्ठ्या डब्यात बंद. त्यानंतर खरा खेळ. प्रत्येक फेरी संपली की त्या एका मिनिटाच्या विश्रांतीत, एकमेकांशी न बोलता, प्रत्येकाने आपल्या कागदावर १०-९ किंवा १०-८ लिहायचं. शेवटी पंचांच्या पत्रकाशी ज्याचं पत्रक सर्वांत जवळ, त्याला आणखी पाच गुण. यात बॉक्सिंगचा जाणकार आणि पहिल्यांदाच पाहणारा यांच्यात फार अंतर राहत नाही, आणि सहाव्या फेरीपर्यंत सगळे मान पुढे काढून बघत असतात. हरणाऱ्यांनी शिगड्या घासायच्या, पुढच्या वेळचं मटण आणायचं, जिंकणाऱ्याने पहिला पीस उचलायचा. एवढं पणाला पुरे.

पैसे मध्ये आणू नयेत. हे सांगण्याला कायद्याचं कारण आहे, हिशेबाचं आहे आणि मैत्रीचं तर आहेच. राज्यात जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, मूळ १८८७ चा. त्याच्या जुगाराच्या व्याख्येत पैज आणि सट्टाही येतात. सार्वजनिक जागी खेळताना सापडल्यास पोलीस कलम १२ खाली पकडू शकतात. फार्महाउसच्या मालकाने किंवा यजमानाने दर डावामागे नाल काढली, म्हणजे आपला वाटा घेतला, तर ती जागा जुगाराचा अड्डा ठरते आणि प्रकरण अधिक गंभीर होतं. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच मुळात रद्दबातल. जिंकलेला मित्र हरलेल्यावर दावा लावू शकत नाही, आणि जुन्या मुंबई इलाख्याला लागू असलेल्या १८६५ च्या कायद्यामुळे पैजेसाठी दिलेले उसने पैसेही कोर्टातून वसूल होत नाहीत. मोबाइलवरच्या सट्ट्याचा मार्गही बंद आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाख. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही, पण जे ॲप अजूनही लपूनछपून पैसे घेतं, त्याने ते बुडवले तर दाद कुणाकडे मागणार?

हिशेबाची बाजू फार कमी जणांना ठाऊक असते. समजा बुकीने एका बॉक्सरचा भाव दीड दिला आणि दुसऱ्याचा अडीच. म्हणजे पहिल्यावर १०० रुपये लावले तर जिंकल्यावर दीडशे हातात, दुसऱ्यावर लावले तर अडीचशे. दीडच्या भावाचा अर्थ पहिल्याची शक्यता ६६.७ टक्के, अडीचचा अर्थ दुसऱ्याची ४० टक्के. बेरीज १०६.७. खऱ्या शक्यता शंभराच्या वर जाऊच शकत नाहीत. वरचा भाग बुकीचा. त्याने दोन्ही बाजूंचा पैसा नीट तोलून घेतला तर कुणीही जिंको, लावलेल्या प्रत्येक शंभरातले सव्वासहा रुपये त्याच्याकडे राहतात. पंटर ज्याला आपलं नशीब म्हणतो, ते भाव ठरतानाच ठरलेलं असतं.

आणि बाहेरच्या माणसाला आतलं काहीच दिसत नाही. पॅकियाओचा खांदा दुखावलेला आहे हे २०१५ ची लढत संपल्यावर जगाला कळलं. ज्यांनी त्याच्यावर पैसे लावले होते त्यांनी नंतर कोर्टकज्जे केले. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसने अपराजित माइक टायसनला दहाव्या फेरीत झोपवलं, तेव्हा डग्लसचा भाव ४२ ला १ होता. वेगासच्या बहुतेक कसिनोंनी त्या लढतीवर भावच काढला नव्हता, इतकी ती एकतर्फी समजली जात होती. जगभर ज्यांचा धंदाच अंदाज बांधण्याचा, त्यांची ही गत.

या भागाला आकड्यांच्या जुगाराचा इतिहास नवा नाही. न्यू यॉर्कच्या कापूस बाजारातले उघडते आणि बंद होणारे भाव तारेने मुंबईत येत आणि त्यावर पैसे लागत. १९६१ मध्ये ते भाव येणं थांबल्यावर वरळीत कल्याणजी भगत यांनी आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी मटका सुरू केला. गिरणगावातली पगाराची किती पाकिटं त्यात रिकामी झाली, हे त्या घरांतल्या बायकांना विचारावं. एखादा मित्र प्रत्येक लढतीआधी उसने मागत असेल, हरलेले पैसे पुढच्या लढतीत काढायची भाषा करत असेल, फोन उलटा ठेवत असेल, तर त्याला चेष्टेत घेऊ नये. त्याच्याशी एकांतात बोलावं. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतही.

पैसे खिशातून काढल्याशिवाय पणाला काही लागल्यासारखं वाटतच नाही, असं काही जण म्हणतील. त्यांच्यासाठी आपल्याकडे फार चांगली रीत पूर्वीपासून आहे. गावच्या जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं, लहान पोरांच्या कुस्त्या नारळावर लागतात, मोठ्या जोड्यांना इनाम पुकारलं जातं, आणि बघणारे हौसेने आपल्या खिशातून ते वाढवतात. पैसा पैलवानाकडे जातो. लढतीच्या दिवशी प्रत्येकाने सारखीच रक्कम, समजा दोनशे रुपये, चिठ्ठी टाकतानाच डब्यात टाकावी आणि निकाल काहीही लागो, ती जवळच्या तालमीला किंवा बॉक्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना द्यावी. कुणाला द्यायचे हे ठरवायचा मान तेवढा पैज जिंकणाऱ्याचा. यात कुणी जिंकून कमवत नाही आणि हरून गमावत नाही, त्यामुळे हा जुगार होत नाही.

देताना रोख देण्यापेक्षा वस्तू द्यावी आणि आधी उस्तादांना काय कमी आहे ते विचारावं. बॉक्सिंगच्या मुलांना हाताला गुंडाळायच्या पट्ट्या सर्वांत आधी लागतात आणि त्या लवकर झिजतात; मग सरावाचे हातमोजे, दातांचं आवरण, डोक्याचं कवच. दातांचं आवरण आणि पट्ट्या प्रत्येकाच्या स्वतःच्या हव्यात, मोजे दोघा-तिघांत फिरवता येतात. दहा जण जमले तर दोन हजार होतात; त्यात पट्ट्यांचे जोड आणि दातांची आवरणं आरामात बसतात. खरेदीची पावती ग्रुपवर टाकावी, आणि पुढच्या लढतीची तारीख तिच्याच खाली लिहावी, म्हणजे वालाच्या शेंगा कुणी आणायच्या हे तेव्हाच ठरतं.